मग कोण जातंय?

ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे, तो मला आवडत नसे. हे आधीच सांगते, कारण आमच्या मंडळीत मेलेल्या माणसाबद्दल गोड साक्ष द्यायची पद्धत आहे. अंत्यविधीला एकेक जण उभा राहून अशी काही साक्ष देतो की पेटीत भलताच कुणीतरी निजलाय की काय, अशी शंका यावी. मी तसली साक्ष देणार नाही. हा माणूस उपद्रवी होता. निपाणीतल्या आमच्या मूठभर मराठी ख्रिस्ती लोकांना बाहेरच्या कुणा विरोधकाने दिला नसेल एवढा त्रास या एकट्याने आत बसून दिला.

त्यांना सगळे कंट्रोलर म्हणत. निपाणीच्या बसस्टँडवर त्यांनी उभा जन्म कंट्रोलर म्हणून काढला. स्टँडचा माईक बहुधा बंदच असायचा, त्यामुळे कोल्हापूर, संकेश्वर, बेळगाव ही नावं ते नरड्यानेच पुकारायचे. रिटायर झाल्यावर खाकी कपडे गेले. आवाज आणि गाड्या मागं घ्यायची शिट्टी तेवढी उरली. शिट्टी सदऱ्याच्या खिशात, बायबलला चिकटून असे. त्यांचा नोकरीतला एक नियम ड्रायव्हर लोक अजून शिव्या देऊन सांगतात. एखादी म्हातारी मुतारीत गेलेली असली की गाडी सुटायची नाही. मागं हॉर्नचा गोंधळ, ड्रायव्हरचा संताप, आणि हे बसच्या पुढ्यात हात आडवा करून उभे. "तिचं गठुळं आत हाय. ती आल्याबिगर गाडी हलायची न्हाय."

असा माणूस चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला की काय होणार?

आमची उपासना तशी सोयीची असते. पाळकसाहेब डोळे मिटून म्हणतात, "हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, आमच्यातील आजाऱ्यांना भेट दे, एकाकी जनांचा सोबती हो." आम्हीही डोळे मिटून आमेन म्हणतो आणि डोळे उघडायच्या आत घरच्या मटणाचा विचार सुरू होतो. कंट्रोलरांचं आमेन मात्र फलाटावरून आल्यासारखं यायचं. खिडकीतली कबुतरं उडायची. आशीर्वाद झाला रे झाला की हे दाराला पाठ लावून उभे.

"आजाऱ्यांसाठी प्रार्थना झाली. मग कोण जातंय?"

सगळे चपला शोधल्यासारखं करायचे.

"देवाला आपण भेट द्यायला सांगितलं. देव काय बेळगावच्या दवाखान्यात बसनं जाणार हाय? कुणाला तरी धाडणारच की. मग कोण जातंय?"

"गेलो असतो हो कंट्रोलर, पण आज पाव्हणं याचेत."

"बरं झालं. पाव्हण्यालाबी घेऊन जा. आजाऱ्याला तेवढीच नवी तोंडं."

आमच्यामागून त्याच इमारतीत कन्नड मंडळीची उपासना असते. ती बिचारी बाहेर उन्हात ताटकळत. कंट्रोलर दार बोटभर उघडून ओरडायचे, "एरडु निमिष री!" आणि पुन्हा बंद. ती दोन मिनिटं कुणाचं तरी नाव ठरेपर्यंत चालायची. कन्नड मंडळीने एकदा लेखी तक्रार केली. मराठी मंडळीने ती एकमताने योग्य ठरवली. सीमाभागात दोन्ही भाषांचं एवढं एकमत मी तरी दुसऱ्या कुठल्या प्रश्नावर पाहिलेलं नाही.

परिणाम व्हायचा तोच झाला. लोक जपून प्रार्थना करू लागले. गल्लीतल्या आजाऱ्याचं नाव घेतलं तर जावं लागतं, म्हणून प्रार्थनेतून गल्ली गेली आणि जागतिक शांतता आली. पाळकसाहेब दूरदूरच्या युद्धांसाठी कळवळून प्रार्थना करू लागले. कंट्रोलर शेवटच्या बाकावरून म्हणाले, "तिकडं आपली गाडी जात न्हाय, साहेब. जवळचं बोला."

त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत. बाईंना या भक्तीचं फारसं कौतुक नव्हतं. "गावाची पोरं ह्यांची आणि घरातला संपलेला सिलिंडर माझा," असं त्या येईल त्याला सांगायच्या, आणि तेही त्यांच्यासमोर. ते मान डोलावून म्हणायचे, "खरं हाय." आणि निघून जायचे. सिलिंडर बाईच आणायच्या. हेही लिहून ठेवते, नाहीतर कुणी उद्या त्यांची तसबीर लावायचं.

आता मूळ दुखणं सांगते. आमच्याकडे बाळाचा बाप्तिस्मा होतो, तेव्हा आईबापांनी वचन दिल्यावर पाळक सगळ्या मंडळीला उभं करून विचारतात, "या बालकाला प्रभूच्या मार्गात वाढवण्याची जबाबदारी ही मंडळी घेते काय?" सगळ्यांनी म्हणायचं, "होय, देवाच्या साहाय्याने घेतो." मग बाळाच्या डोक्यावर पाणी, बाळाचं रडणं, फोटो, बिर्याणी. बिर्याणीपाशी जबाबदारी संपते. पिढ्यान् पिढ्या संपत आलेली आहे. कुणाचं काही अडलेलं नाही.

कंट्रोलर ते वचन खरं समजत. ज्या पोरासाठी उभं राहून होय म्हटलं ते पोर आपलं, असा त्यांचा सरळ हिशोब. शाळेत कुणी नापास झालं की हे त्याच्या दारात. कुणाचं लग्न ठरलं की पोराच्या गावी जाऊन, न विचारता, त्याच्या शेजाऱ्यांकडे चौकशी. त्यात एक चांगलं जमलेलं लग्न मोडलंसुद्धा. ती मुलगी पुढे त्यांच्याशी कधी बोलली नाही. "शेजारी खोटं बोलला आसंल," एवढंच म्हणाले. पश्चात्ताप या विषयावर ते ऐकायचे पुष्कळ.

त्या पोरांत मीही होते. कॉलेजसाठी बेळगावला गेले, चर्च सुटलं, विडी वळणाऱ्या बायकांच्या संघटनेत शिरले. पत्रकं लिहू लागले. निपाणीच्या बाजारात माझी पहिली सभा होती. समोर बायका, मागं पोलीस, आणि सगळ्यात पुढं, मांडी घालून, कंट्रोलर.

सभा संपल्यावर म्हणाले, "आवाज नरड्यातनं काढतीस. पोटातनं काढ. न्हायतर चाळिशीला बसंल."

"तुम्ही कशाला आलात?"

"तुझ्या बाप्तिस्म्याला होय म्हणालतो. तू काय बोलतीयास ते ऐकाय नको?"

माझं पत्रक त्यांनी तिथेच उभं राहून वाचलं. 'समाजाने या भगिनींची जबाबदारी घेतली पाहिजे' या ओळीवर बोट ठेवलं. "ह्यो समाज कुठं राहतोय गं? पत्ता दे. जाऊन येतो."

मी चिडले. पत्रकाची एक भाषा असते, ती या जुन्या माणसाला काय कळणार, वगैरे. पुढे एका मोर्च्यात आम्हा पाचसहा जणींना पोलिसांनी ठाण्यात बसवलं, तेव्हा सह्या गोळा करणारा समाज पांगला होता आणि ठाण्याच्या बाकावर हे डबा घेऊन हजर होते. ठाण्यातल्या साहेबांनी कन्नडमध्ये विचारलं, कोण तुम्ही? "नम्म हुडुगी री," आमची पोर आहे, हे म्हणाले. बाप का? नाही. चुलता? नाही. मग नातं काय? कंट्रोलरांनी त्या पोलीस अधिकाऱ्याला बाप्तिस्म्याचा विधी पहिल्यापासून समजावून सांगायला घेतला. आम्हाला लवकर सोडलं ते लोकशाहीच्या दबावाने, असं मी तेव्हा पत्रकात लिहिलं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. पण सुनीलचं प्रकरण झालं.

सुनील आमच्या चर्चचा तबलजी. हात असा की उपासनेत गाणं बेसूर असलं तरी तबल्यावर तरून जायचं. गॅरेजमध्ये काम करायचा आणि प्यायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तबला चालू होता तोवर कुणाला काही अडचण नव्हती. अडचण झाली उपकारस्तुतीच्या, म्हणजे सुगीच्या सणाला. त्या दिवशी वेदीपुढे उसाची कमान करतात, लोक भोपळे, केळीचे घड, कोंबड्या आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. सुनील तर्र होऊन आला. एका कोंबडीवर बोली लावली. मग स्वतःच्याच बोलीवर चढवली. पुन्हा चढवली. "सोडतो व्हय तिला!" असं ओरडत कोंबडी काखेत मारली आणि मंडळीच्या सेक्रेटरीकाकांकडे बोट करून म्हणाला, "ह्या काकांच्या वखारीत माझी आई खोकून खोकून मेली. तवा तुम्ही कुणी प्रार्थना केलती का रं?" आणि उसाच्या कमानीसकट आडवा झाला. कोंबडी पळाली ती थेट पाळकसाहेबांच्या पुलपिटवर.

सेक्रेटरीकाकांचं आयुष्य तंबाखूच्या वखारीत मुकादमी करण्यात गेलेलं. व्यसन हा शब्द ते फक्त दारूसाठी वापरत. चर्चची पंच कमिटी बसली. सुनीलचं सभासदत्व स्थगित, प्रभुभोजनाच्या भाकर-द्राक्षरसाला बंदी, तबला बंद. आणि त्याच महिन्यात त्याच्या बायकोला, रूथला, मुलगी झाली. बापावर शिस्तीची कारवाई आहे तोवर मुलीचा बाप्तिस्मा होणार नाही, असा नियम निघाला. नियम कमिटीला कधीही सापडतात.

रूथ माहेरची फार श्रद्धाळू. बाळाला घेऊन ती चर्चच्या बाहेर, पायरीवर बसायची. आत यायला बंदी नव्हती. तिलाच आत यावंसं वाटत नव्हतं. तिचं एकच म्हणणं होतं. "त्यानं पाप केलं, मला मान्य हाय. पण हिला पाण्याबिगर ठेवू नका. हिला कुणीच न्हाय असं करू नका."

कंट्रोलर पंच कमिटीत नव्हते. आमंत्रणही नव्हतं. तरीही बैठकीत जाऊन उभे राहिले. हे मला पाळकसाहेबांनीच नंतर सांगितलं.

"सुनीलच्या बाप्तिस्म्याला इथं कोण कोण उभं होतं? हात वर करा."

जुनी माणसं होती. सगळेच होते.

"होय म्हणालता का न्हाय?"

"म्हणालतो की," सेक्रेटरीकाका म्हणाले. "त्याचं काय आता?"

"मग पोर वाया गेलं त्यात आपणबी आलो. आपलीबी नावं काढा."

"असं कुठं असतंय व्हय, कंट्रोलर? पिणार त्यो, आणि बंदी आमाला?"

"न्हाय काढायची? बरं. माझं मी काढतो."

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या छोट्या पेल्यांचं तबक शेवटच्या बाकापाशी आलं, तर बाक रिकामा. कंट्रोलर कुठे होते? हायवेकडच्या बारसमोरच्या बाकड्यावर. शेजारी सुनील, हातात क्वार्टर. यांच्या हातात लिंबूसोडा आणि मांडीवर बायबल. जन्मात दारूला न शिवलेला माणूस! सुनील कातावला. "कंट्रोलर, जावा की घरी. लोक काय म्हणतील?"

"गाडी सुटायची हाय. तुझं गठुळं आत हाय. तू ये, मग जाऊ."

"मी न्हाय येणार."

"मग बसू."

सुनीलने बार बदलला. हे तिथेही. त्याने संकेश्वरचा बार धरला. तो कुठल्या गाडीने जातो, हेसुद्धा स्टँडवरच्या जुन्या कंडक्टरांनी कंट्रोलरांना सांगून टाकलं. बारमालक म्हणाला, "आप्पा, तुमच्यामुळं माझी गिऱ्हाइकं पळाया लागलीत. मांडीवर बायबल बघून माणूस पेग भरतोय व्हय?"

आणि मग माझ्या प्रिय मंडळीने ते केलं जे जगात फक्त तीच करू शकते. कंट्रोलर पिऊ लागले, अशी बातमी पसरली. खात्री कुणी केली नाही. खात्री करायला बारवर जावं लागलं असतं. प्रभुभोजन नसलेल्या रविवारी कंट्रोलर चर्चला येत. अशाच एका रविवारी प्रार्थनेच्या विनंत्यांच्या वेळी एक भगिनी गहिवरून उभी राहिली. "आपले एक ज्येष्ठ बंधू मोहात पडले आहेत. नाव घेत नाही." सगळ्यांनी माना वळवून शेवटच्या बाकाकडे पाहिलं आणि मग डोळे मिटले. पाळकसाहेबांनी दारूचं बंधन तोडून टाकण्यासाठी लांबलचक प्रार्थना केली. कंट्रोलरांनी मनापासून ऐकली. शेवटी खिडकीतली कबुतरं उडाली.

आशीर्वाद झाला. दाराला पाठ.

"माझ्यासाठी प्रार्थना झाली. लई बरं वाटलं. मग कोण येतंय बारवर?"

त्या दिवशी कन्नड मंडळीला खूप वेळ उन्हात थांबावं लागलं. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "मी येतो." बहुधा दार उघडावं म्हणूनच म्हणाले. पण पाळकाचा शब्द. संध्याकाळी ते गेले. डोक्यावर हेल्मेट, काच खाली ओढलेली, अंगात जर्किन, निपाणीच्या उन्हाळ्यात. सोडा प्यायला काच वर करावी लागली आणि समोरच्या टेबलावरच्या दोघांनी उठून "सलाम, पाळकसाहेब" म्हटलं. दोघे आमच्याच मंडळीतले. म्हणजे बारमध्ये आपली किती माणसं आहेत, हे पाळकांना त्या दिवशी प्रथम कळलं. हेल्मेट त्यांनी मग काढूनच ठेवलं.

सुनील सुधारला का? पत्रक असतं तर मी होय लिहिलं असतं. पण तो काही साक्षीच्या गोष्टीतला सुनील नव्हता. दोन महिने सुटली, पुन्हा घेतली, पुन्हा सोडली. "दारूची चवच गेली ह्या म्हाताऱ्यापायी," असं मात्र तो म्हणायचा. कमिटीही हळूहळू वाकली, कारण दर रविवारी दारात "आज बारवर कोण?" हे ऐकण्यापेक्षा नियम ढिला करणं सोपं होतं. सुनीलने मंडळीपुढे उभं राहून चूक कबूल करायची आणि मग मुलीचा बाप्तिस्मा करायचा, असं ठरलं.

मी त्या दिवशी मुद्दाम बेळगावहून आले. कमिटीने हार खाल्ली, याचं वर्णन करायला शब्द आधीच जुळवून ठेवले होते.

सुनील उभा राहिला. दोन वाक्यांत बोलला, मान खाली. मग रूथ बाळाला घेऊन पुढे आली. पायरीवरून आत, बाळ झाल्यापासून पहिल्यांदा. पाळकसाहेबांनी आईबापांचं वचन घेतलं आणि आम्हाला उभं केलं. "या बालकाला प्रभूच्या मार्गात वाढवण्याची जबाबदारी ही मंडळी घेते काय?"

या प्रश्नाला आमच्याकडे आजवर मोठं दणदणीत उत्तर मिळत आलेलं. सगळे त्या आवाजाची वाट बघत होते. आवाज आला नाही.

मी मागे पाहिलं. कंट्रोलर उभे होते. तोंड घट्ट मिटलेलं. दोन्ही हात पुढच्या बाकावर. कबुतरं जागची हलली नव्हती.

तेव्हा लक्षात आलं की इतकी वर्षं होय म्हणत होता तो एकच माणूस. आम्ही बाकीचे ओठ हलवत होतो.

जो तो शेजाऱ्याकडे बघत होता. आता या शब्दाचा अर्थ सगळ्यांना माहीत होता, हीच पंचाईत. होय म्हटलं की शाळा आली, दवाखाना आला, वेळ पडली तर बार आला. रूथचा चेहरा उतरत चालला. तिने बाळाला घट्ट धरलं, जणू आता कुणी तिला पुन्हा पायरीवर पाठवणार आहे. पाळकसाहेबांनी प्रश्न पुन्हा विचारला.

"होय," कुणीतरी म्हणालं. घोगरं, खाकरून. सेक्रेटरीकाका होते. त्यांनी सुनीलकडे बघितलं नाही. "होय. घेतो."

मग इकडून एक, तिकडून एक. एकाचाही दुसऱ्याशी ताल जमेना. इतकं बेसूर उत्तर त्या चर्चमध्ये कधी झालं नसेल. एकेका तोंडातून ओढून काढल्यासारखं होय निघत होतं. सगळ्यात शेवटी कंट्रोलरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. दारात उभे राहून बघायचे तसं.

"होय," मी म्हणाले. पोटातून.

बिर्याणीच्या वेळी त्यांना गाठलं. "तुम्ही का गप्प बसलात?"

"इतकी वर्सं माझ्या एका तिकिटावर सगळी मंडळी फिरली. आता मी किती दिस हाय? ज्याचं त्यानं काढाय नको?"

"म्हणजे या पोरीची जबाबदारी तुमच्यावर नाही?"

"सकाळीच घरी जाऊन तिच्या कानात होय सांगून आलोय. चोरून काय ठेवतोय मी? भात घे, थंड होतोय."

गेल्या वर्षी ते वारले. अंत्यविधीला सुनील आला होता, शुद्धीत. साक्षी झाल्या, गोड गोड. बाई म्हणाल्या, "सिलिंडर संपलाय." आणि रडल्या. सेक्रेटरीकाका उठून गेले आणि सिलिंडर घेऊन आले.

परवा मी बेळगावात मीटिंगमध्ये होते. महत्त्वाची मीटिंग होती. रूथचा फोन. पोरगी बालवाडीत जायला लागलीय, तिथे तिने दुसऱ्या पोराच्या कानाला कडकडून चावा घेतला, बालवाडीच्या बाईंनी पालकांना बोलावलंय, सुनील पुन्हा दोन दिवस घरी नाही, सेक्रेटरीकाका त्याला शोधायला गेलेत आणि पाळकसाहेब दवाखान्यात कुणाला तरी भेटायला.

"आक्का, तुम्हीच या. होय म्हणालता ना तुम्ही?"

मी सांगायला तोंड उघडलं की हे काम खरं म्हणजे समाजाचं आहे.

स्टँडवर पोचले तर निपाणीची गाडी लागलेली होती. खिडकीची जागा मिळाली. त्या माणसाला मी कधी माफ करेन असं वाटत नाही.